केबल सोडा, पण सासूबाईंचे आठ ते साडेनऊ आधी सांभाळा

प्रिय ताई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहतात. घरी सासू-सासरे, मालक, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. पाच एकर वावर, त्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या ओळी. पोळ्यानंतर केबलवाल्यानं महिन्याच्या तीनशेचे साडेतीनशे केले. ताईंच्या मनात आलं की केबल काढूनच टाकावी. जे बघायचं ते मोबाइलवर बघू, नाहीतर शेजारणीसारखी फ्री डिशची, म्हणजे महिन्याला पैसे न लागणारी, छत्री लावू. मालक म्हणतात, ‘छत्री लावली की गाव म्हणेल, यांना केबल परवडत नाही.’ आणि सासूबाई म्हणाल्या, ‘टीवी बंद केला त सांजच्याले मी काय करू, भितीकडे पाहत बसू काय?’ त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. ताईंनी शेवटी विचारलंय, ‘पैसे वाचवायचे म्हटलं तर मी वाईट कशी?’

वाईट मुळीच नाही. साडेतीनशेप्रमाणे वर्षाचे ४,२०० रुपये होतात. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. ओलावा आणि माती-कचऱ्याच्या नावानं कापून बाजारात हातावर किती पडतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे वर्षाची केबल जवळपास क्विंटलभर सोयाबीन खाते. ज्या घरात बियाण्याची पिशवी उधारीवर येते, तिथल्या सुनेनं हा हिशेब मांडला तर तिचं कौतुकच करायला हवं.

तरी ताई, या महिन्यात केबल तोडू नका. तुमच्या पत्रात कोण काय बघतं ते ओघात आलंय, ते मी वेगळं काढून पाहिलं. मालक क्रिकेट असलं की बसतात, एरवी जेवताना बातम्या. सासरे सकाळी भजन-कीर्तन आणि दुपारी हवामान. मुलगा टीव्हीकडे बघतच नाही, त्याचं सगळं मोबाइलवर. मुलीला कार्टून. तुम्ही स्वतः पोळ्या लाटता लाटता कानानं ऐकता. रोज ठरलेल्या वेळी, पाय धुऊन, टीव्हीसमोर बसणारं माणूस घरात एकच आहे. रात्री आठ ते साडेनऊ, तीन मालिका. केबल गेली तर बाकी पाच जणांचं थोडंफार भागेल. सासूबाईंचं पूर्ण जाईल.

‘मोबाइलवर बघू’ हे आपल्याला सोपं वाटतं, कारण मोबाइल आपल्या हातात असतो. सासूबाईंच्या हातात रिमोट आहे. अक्षरओळख नसली तरी कोणतं बटण दाबलं की आपली मालिका लागते हे त्यांना पाठ आहे, कोणाला विचारावं लागत नाही. मोबाइलवर त्यांना रोज म्हणावं लागेल, ‘सूनबाई, जरा लावून दे.’ तुम्ही दिवसभर निंदणाला जाऊन आलेल्या, भाकरी तव्यावर. पहिल्या दिवशी हौसेनं लावून द्याल. दुसऱ्या दिवशी ‘थांबा जरा’ म्हणाल. चार दिवसांनी त्या मागायचंच सोडून देतील आणि घरात सगळे समजतील की बुढीची सवय सुटली. दिवसभर गोठा आणि नातवंडं सांभाळणाऱ्या बाईचा स्वतःचा असा तेवढाच दीड तास असतो. त्या भिंतीचं बोलल्या ते हट्टानं बोलल्या असं मला वाटत नाही.

त्यामुळे माझं सांगणं असं की पैसे वाचवायचेच, फक्त सासूबाईंचा दीड तास सुरक्षित करून मग.

आता फ्री डिशचं सगळं उलगडून सांगते, कारण गावात तिच्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं सुरू झाली, पुढे तिचं नाव डीडी फ्री डिश झालं. तिला महिन्याचा रिचार्ज नाही, वर्षाचाही नाही. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स, वायर आणि मिस्त्रीची मजुरी मिळून एकदाच साधारण दीड ते दोन हजार खर्च येतो. तुमच्या सध्याच्या केबलच्या दरानं तो पाच-सहा महिन्यांत वसूल. ‘वार्षिक फी भरा नाहीतर बंद पडेल’ असं सांगत कोणी दारात आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

बॉक्स घेताना मात्र सावध राहा. बाजारात एमपीईजी-२ चे, म्हणजे सिग्नल उलगडण्याच्या जुन्या पद्धतीचे, बॉक्स अजून मिळतात आणि दुकानदार स्वस्त म्हणून तेच गळ्यात मारतो. त्यावर फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. ‘एमपीईजी-४ चाच द्या’, म्हणजे नव्या पद्धतीचा, असं स्पष्ट सांगा. त्यावर जुन्या-नव्या दोन्ही प्रकारच्या वाहिन्या लागतात. घरात आधीची एखाद्या कंपनीची बंद पडलेली छत्री असेल तर मिस्त्रीला दाखवा. बहुतेक वेळा तीच फिरवून वापरता येते, फार तर एलएनबी बदलावा लागतो. तेवढाच खर्च वाचेल.

सासऱ्यांचं फ्री डिशवर पूर्ण भागेल. सह्याद्री आहे, २०१५ मध्ये सुरू झालेली डीडी किसान आहे, बातम्यांच्या आणि भक्तीच्या वाहिन्या आहेत. मुलासाठी शाळेच्या वाहिन्या आहेत. २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ या नावानं इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या सुरू झाल्या, आणि प्रादेशिक भाषांत शिकवता यावं म्हणून त्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली. दहावीचे मराठीतले पाठ कोणत्या क्रमांकावर आणि किती वाजता लागतात ते शाळेतल्या सरांकडून लिहून घ्या आणि कागद टीव्हीच्या बाजूला चिकटवा. नुसतं ‘अभ्यासाचं बघ’ म्हटलं तर कोणताच पोरगा बघत नाही.

मालकांच्या क्रिकेटचं ऐकून तर ते स्वतःच मिस्त्री बोलावतील. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतात होणारे आपल्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकातले भारताचे सामने, उपांत्य आणि अंतिम सामना त्यात येतात. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनला स्वतःच्या जमिनीवरच्या (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या) प्रसारणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून केबलवर डीडी स्पोर्ट्स दिसत असूनही भारताचा सामना लागला की तिथं दुसरंच काहीतरी चालू असतं. तोच सामना छत्रीवर फुकट दिसतो. आयपीएल मात्र या कायद्यात नाही. तेवढ्यासाठी मोबाइल लागेल किंवा पारावर जावं लागेल.

राहिल्या सासूबाई. इथं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. ज्या मोठ्या मराठी वाहिन्यांवर रात्रीच्या मालिका चालतात, त्या पैसे घेणाऱ्या वाहिन्या आहेत आणि फ्री डिशवर नसतात. फ्री डिशवर खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चार लोकप्रिय हिंदी वाहिन्या एका दिवसात फ्री डिशवरून गेल्या, तेव्हा गावोगाव लोक मिस्त्रीला ‘छत्री बिघडली’ म्हणून फोन करत होते. मराठीत कायमची म्हणावी अशी वाहिनी सह्याद्री. सध्या आणखी काय दिसतं ते शेजारणीच्या घरी जाऊन बघा, आणि जाताना सासूबाईंना सोबत न्या. त्यांनी स्वतः बघून ‘यात माझं काही नाही’ म्हटलं तर तेही छत्री लावण्याआधी कळलेलं बरं.

म्हणून क्रम असा ठेवा की आधी मोबाइलची परीक्षा आणि मगच छत्रीचा खर्च. केबल चालू असतानाच पंधरा दिवस सासूबाईंच्या मालिका मोबाइलवर लावून बघा. त्यांच्या मालिका कोणत्या वाहिनीवर आहेत ते तुम्ही लिहिलं नाही आणि सगळं त्यावरच अडलंय. झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर येतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. तिन्ही मालिका एकाच वाहिनीच्या असतील तर एका ॲपमध्ये काम होतं. तीन वाहिन्यांच्या असतील तर तीन ॲप आणि तीन ठिकाणचं सदस्यत्व. मग स्वस्त म्हणता म्हणता केबलएवढेच पैसे जातात.

नेटचा हिशेबही आधीच करा. ॲपमध्ये चित्राची क्वालिटी ४८० वर ठेवली तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो, म्हणजे दीड तासाचा जवळपास एक जीबी. मालकांच्या मोबाइलवर रोज दीड जीबी मिळत असेल तर सासूबाईंचं भागेल, पण मग पोरानं त्याच मोबाइलवर दिवसभर गेम खेळून चालणार नाही. काहीजण म्हणतील, बुढीला वेगळा मोबाइल आणि वेगळं सिम घेऊन द्या. तसं केलंत तर वाचवलेलं सगळं रिचार्जमध्ये जाईल. शिवाय हे रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचे असतात, वर्षाला बारा नाही तर तेरा बसतात, हे हिशेबात कोणीच धरत नाही.

रात्री आठ-नऊला गावातले सगळे मोबाइल उघडून बसतात आणि नेट अडखळतं. मालिका मध्येच थांबली की म्हाताऱ्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. त्यावर उपाय म्हणजे कालचा भाग आज दुपारी बघायचा. दुपारी दोन-तीनला नेट मोकळं असतं, तुमच्या सासूबाईही घरीच असतात, आणि मालिका एक दिवस उशिरा बघितल्यानं काही बिघडत नाही. फक्त संध्याकाळी शेजारीण येऊन पुढचं सांगून जाते, तिला आधीच बजावून ठेवा.

एक गोष्ट आजच तपासा. तुमचा टीव्ही दिवाळीत घेतलेला बत्तीस इंची एलईडी आहे असं लिहिलंय. अलीकडे विकले जाणारे बरेच टीव्ही स्मार्ट असतात आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो, कारण केबलचा बॉक्स जोडला तो जोडला. टीव्हीचा मूळ रिमोट कपाटातून काढा आणि त्यावर एखाद्या ॲपच्या नावाचं किंवा घराच्या चित्राचं बटण आहे का ते बघा. असेल तर मालकांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करून मालिका थेट मोठ्या पडद्यावर लावता येतील. मग रिमोटही सासूबाईंच्याच हातात राहील. मोतीबिंदूच्या डोळ्यांना मोबाइलचा वीतभर पडदा सोसत नाही, हेही लक्षात असू द्या. टीव्ही साधा असेल तर यासाठी वेगळं यंत्र विकत आणू नका, तेवढ्या पैशांत छत्री येते.

पंधरा दिवसांत सासूबाईंचं मन रमलं तर छत्री लावा आणि केबल बंद करा. नाही रमलं तर छत्रीच्या भानगडीत पडू नका, केबलच लहान करा. हा मधला रस्ता लोकांना माहीतच नसतो. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे फोन आणि केबलवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं ग्राहकाला सुटी वाहिनी मागता येते आणि प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर असते. वाहिन्यांच्या पुड्यात, म्हणजे बुकेमध्ये, १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी घालता येत नाही. जोडणीच्या मूळ आकाराला, म्हणजे नुसत्या जोडणीसाठी महिन्याला द्याव्या लागणाऱ्या पैशांना, आधी १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा होती आणि २०२० पासून त्यात दोनशे वाहिन्या द्याव्या लागत. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती मर्यादा काढली. म्हणून केबलवाल्यानं दर वाढवला म्हणजे त्यानं बेकायदा काही केलं असं म्हणता येणार नाही. पण ‘मला तुझं अमुक-तमुक पॅक नको, मूळ आकार आणि फक्त या दोन मराठी वाहिन्या दे, आणि बिलात दोन्ही वेगळे दाखव’ असं सांगण्याचा हक्क तुमचा आहे. जुन्या दरानं मांडलं तर १३० अधिक १९ च्या दोन वाहिन्या म्हणजे १६८, त्यावर अठरा टक्के कर धरून १९८ रुपये. साडेतीनशेच्या जागी दोनशे. वर्षाला अठराशे वाचले आणि सासूबाईंचा रिमोट जिथल्या तिथं. तुमच्या घरासाठी हाच मार्ग निघाला तर मला तो कमीपणाचा अजिबात वाटणार नाही.

छत्री लावायचं ठरलं तर काही गोष्टी मिस्त्रीवर सोडू नका. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह आपल्याकडून आग्नेय दिशेला, आकाशात बऱ्यापैकी उंच आहे. क्षितिजापासून डोक्यापर्यंतचं अंतर घेतलं तर साधारण दोन तृतीयांश वर. छत्रीचा चेहरा बघून वाटतं की ती समोरच्या घराकडे बघतेय, पण तिची नजर दिसते त्यापेक्षा बरीच वर असते. म्हणून लोक समोरची फांदी छाटतात आणि अडचण असते वरच्या कडुनिंबाची. जागा ठरवायला एक सोपी खूण सांगते. गांधी जयंतीच्या आगेमागे सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळपास त्याच ठिकाणी असतो. त्या वेळी अंगणात उभ्या राहा. जिथं लख्ख ऊन पडलंय तिथं छत्री चालेल, जिथं झाडाची किंवा भिंतीची सावली आहे तिथं नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातही सव्वाअकराच्या सुमारास असंच असतं. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र आपोआप जाऊ शकतं, कारण सूर्य उपग्रहाच्या अगदी मागे येतो. तेवढ्यासाठी मिस्त्रीला बोलावू नका.

छत्री घरावरच हवी असा काही नियम नाही. तुमचं अर्धं घर टिनाचं आहे. टिनावर लावली तर वाऱ्यानं थरथरते आणि आपल्याकडची वानरं तिच्यावरून उड्या मारतात. बोटभर हलली तरी चित्र जातं. मग दर आठवड्याला कोणीतरी टिनावर चढून ‘आलं का? आलं का?’ ओरडत बसतं, आणि त्यात पडून हातपाय मोडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. अंगणातल्या पक्क्या भिंतीला, हात पोचेल एवढ्या उंचीवर, चार बोल्ट मारून घट्ट बसवून घ्या. एलएनबीला वायर जिथं जोडतात तिथल्या पिनेवर रबराचं टोपण किंवा चिकटपट्टी लावून घ्या, कारण बहुतेक बिघाड तिथं पाणी शिरून होतात. भिंतीतून आत येण्याआधी वायर थोडी खाली झुकवून वर घ्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच गळून पडतं आणि बॉक्सपर्यंत जात नाही. मिस्त्री जायच्या आत मुलाला बॉक्समधली सिग्नलची पट्टी बघायला आणि वाहिन्या नव्यानं शोधायला शिकवून ठेवा. यादी बदलली की तेवढं येणं पुरतं.

धो-धो पाऊस आला की चित्राचे तुकडे होतील, पाऊस ओसरला की परत येईल. विजा कडाडायला लागल्या की बॉक्सची आणि टीव्हीची पिन बोर्डातून काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधून सोडा. आपल्याकडे मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको. छत्रीचा एक फायदा मात्र रोज जाणवेल. केबलच्या वायरीवर मध्ये मध्ये सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. म्हणून तुमच्या घरी लाइन असूनही पलीकडच्या वस्तीतली गेली की केबल बंद पडते. छत्रीला फक्त तुमच्या घरची लाइन पुरते.

आता एका गोष्टीसाठी मी कळकळीनं विनवते. तुमच्या मुलानं मित्राकडून एक ‘सगळ्या वाहिन्या फुकट’ दाखवणारं ॲप आणलंय, व्हॉट्सॲपवर लिंक आली होती, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते आजच काढून टाका. ते चोरीचं प्रक्षेपण आहे, आणि असं ॲप टाकताना मोबाइल ज्या परवानग्या मागतो त्यात मेसेज वाचण्याचीही असू शकते. त्याच मोबाइलवर मालकांचं फोन-पे आहे, पीएम किसानचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज त्यावरच येतो, कापसाचे पैसे त्याच खात्यात पडतात. बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हाती लागला तर हंगामाची कमाई पाच मिनिटांत जाईल. ॲप काढल्यावर फोन-पेचा पिनही बदला. फुकटच हवं असेल तर प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं. त्यावर सह्याद्रीसकट दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. ते प्ले स्टोअरमधूनच घ्या.

मालकांच्या ‘गाव काय म्हणेल’चं काय करायचं ते विचारलंत. त्यांच्याशी वाद घालू नका. भारताचा पुढचा सामना लागेल त्या दिवशी त्यांना शेजारणीच्या घरी पाठवा. एक मात्र त्यांना माझ्या नावानं सांगा. गाव कोणाच्या घरचा रिचार्ज मारत नाही आणि सोसायटीचं कर्ज थकलं तर फेडायलाही येत नाही. दोन्ही तुम्हालाच करायचंय, तेव्हा ठरवायचंही तुम्हीच.

केबलवाला गावातलाच आहे आणि नात्यातही लागतो, म्हणून तुम्हाला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. त्याचा व्यवसाय आहे, त्यालाही वायर आणि डबे विकत घ्यावे लागतात. वायर कापून टाकू नका, पैसे थकवून तोंडही लपवू नका. महिना संपायच्या चार दिवस आधी मालकांना त्याच्याकडे पाठवा आणि मागचा हिशेब चुकता करून सांगा, ‘पुढच्या महिन्यापासून जोडणी तात्पुरती बंद ठेव.’ कायमची तोडण्याआधी महिना-दोन महिने असे जाऊ द्या, म्हणजे सासूबाईंचं काही बिनसलं तर परत फिरायला वाट राहील. कायमची बंद करायची झाली तर बॉक्स घेताना अनामत दिली होती का ते जुन्या पावतीवर बघा आणि दिली असेल तर परत मागा. बॉक्स परत करताना त्याचा नंबर लिहिलेली पावती घ्या. नात्यात पावती कशी मागायची असं मनात आणू नका, पावती असली म्हणजे पुढे नात्यात कटकट राहत नाही.

सोंगणी डोक्यावर आली आहे, तेव्हा हे सगळं सोयाबीन घरात आल्यावर करा. तोवर एकच काम. आज रात्री आठला सासूबाईंच्या शेजारी बसा, तिन्ही मालिका कोणत्या वाहिनीवर लागतात ते लिहून घ्या, आणि टीव्हीच्या मूळ रिमोटचा फोटो काढून मला पाठवा. कोणतं ॲप घ्यायचं आणि त्याची गरज तरी आहे का, ते मी पुढच्या पत्रात कळवते.